जिव्हालौल्याची बाजू

दालचिनी रोल शोधत गावभर फिरणं धर्माला धरून आहे का, असा प्रश्न माझ्या जावयाने मला गेल्या ऑक्टोबरात विचारला. विचारला म्हणजे टोमणाच मारला. "आई, जन्मभर पोरांना गीतेचा दुसरा अध्याय शिकवलात. इंद्रियं आवरा म्हणालात. आणि आता भर पावसात, ट्राम बदलून, एका बनसाठी मायोर्नाला निघालात?" जावई गोथेनबर्गला ट्रकच्या कंपनीत इंजिनियर आहे. स्वभावाने गरीब, त्यामुळे त्याचे टोमणेही बिनविषारी असतात. त्या दिवशी मी "छत्री कुठे ठेवली आहे?" एवढंच बोलले. पण प्रश्न खोटा नव्हता, आणि मी सांगलीच्या कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेली बाई. असा प्रश्न आला की त्याला उत्तर दिल्याशिवाय मला झोप येत नाही.

आधी बनविषयी. इथे त्याला कानेलबुल्ले म्हणतात. पहिल्या महायुद्धातली टंचाई सरल्यावर, 1920च्या दशकात तो स्वीडनमध्ये आला आणि 1950च्या सुमारास घरोघरी पोचला. म्हणजे वाटतो तितका पुरातन नाही. 1999पासून 4 ऑक्टोबर हा त्याचा अधिकृत दिवस. घरी बेकिंग करण्याचा प्रसार करणाऱ्या एका संस्थेने आपल्या चाळिशीनिमित्त तो सुरू केला, आणि त्या संस्थेमागे मैदा, साखर, यीस्ट, मार्गरीन बनवणारी मंडळी होती. हे सांगताना लेक हसली. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. अक्षय्य तृतीयेचा आनंद सराफाइतका कोणाला होतो?

कृती साधी आहे. मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट आणि वेलची घालून सैलसर मळायचं. हो, वेलची. दालचिनीच्या बनची अर्धी चव वेलचीची असते आणि पाटीवर नाव मात्र दालचिनीचं. पीठ फुगलं की लाटायचं, त्यावर लोणी-साखर-दालचिनी एकत्र फेसून पसरायची, आणि बाकरवडीसारखी घट्ट सुरळी करून काप पाडायचे. नाहीतर घडी घालून पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टीला पीळ द्यायचा आणि बोटांभोवती गुंडाळून गाठ मारायची. वरून अंड्याचा हात, त्यावर टपोऱ्या पांढऱ्या साखरेचे दाणे. हे दाणे भट्टीतही विरघळत नाहीत. अमेरिकेत या बनवर साखरेचा आणि चीजचा दाट थर ओततात. इथे कोणी तसं केलं तर भांडण होणार नाही. लोक मुकाट्याने दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतील.

बन समोर आला की मी तो आधी उलटा करून बघते. लेकीला याची लाज वाटते. पण सगळं तळाशी कळतं. भाजताना लोणी-साखर खाली गळते आणि पत्र्यावर तिचा तपकिरी, चिकट, किंचित कडसर पापुद्रा होतो. तळ पांढराफटक आणि कोरडा असेल तर सारण घालताना हात आखडला होता. काळा असेल तर भट्टीकडे लक्ष नव्हतं. मग बाहेरचं टोक सोडवायचं. ते किंचित खुसखुशीत हवं, आणि आतला भाग ओढल्यावर तंतू ताणले जायला हवेत, भुगा पडता कामा नये. वेलची पुडीतली असेल तर नुसता वास येतो. जाडसर कुटलेली असेल तर काळा दाणा दाताखाली येतो आणि फुटतो. या एका दाण्यासाठी मी ट्राम बदलते, हे जावयाला कसं सांगायचं?

दालचिनी मी सगळ्यात शेवटी तपासते, कारण तिथे मी निःपक्षपाती नाही. माझं माहेर दापोलीकडचं. नारळ-पोफळीच्या सावलीत आमची दालचिनीची झाडं होती. त्यांचीच पानं आम्ही तमालपत्र म्हणून भाताला घालत असू. पाऊस सरताना, खोडात रस असताना, अंगठ्याएवढ्या जाडीच्या फांद्या तोडायच्या, वरची खरबरीत साल खरवडून टाकायची, मग उभी चीर देऊन आतली साल अलगद सोडवायची. सावलीत वाळता वाळता ती स्वतःच वळत जाते. पातळ, बोटाने चुरगळेल अशी. वास आधी गोड, तिखटपणा मागाहून. बाजारात सर्रास मिळते ती जाड, टणक, लालसर साल वेगळ्या झाडाची, कॅसियाची. ती चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येते आणि बेकऱ्यांत बहुतेक तीच असते. कॅसिया तोंडात गेल्या गेल्या ओरडते. पण एवढ्या लोण्यापुढे टिकायला तसाच आवाज लागतो, हे माहेरचा अभिमान बाजूला ठेवून मान्य करायला हवं.

त्या कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, ते फार झालं तर यकृताला बरं नाही. म्हणून युरोपीय संघाने मर्यादा घातली: एरवीच्या गोड बेकरी मालात किलोमागे 15 मिलिग्रॅम, आणि परंपरेने किंवा सणासुदीला होणाऱ्या दालचिनीच्या पदार्थांत 50. 2013च्या अखेरीला शेजारच्या डेन्मार्कमध्ये यावरून गहजब झाला, कारण तिथली दालचिनीची गोल पेस्ट्री सणाची की रोजची, हेच ठरेना. शेवटी ती पारंपरिक ठरवून 50च्या पंगतीत बसवली. जिभेला लगाम घालायचं काम आमच्याकडे स्मृतिकारांनी केलं, इथे ब्रुसेल्समधले अधिकारी करतात. दोघांनाही अपवाद शोधून काढावे लागतातच.

आता जावयाकडे वळते. गीतेत तो म्हणतो तसं आहे, पण अर्धंच. दुसऱ्या अध्यायात असं आहे की जो खाणंपिणंच सोडतो त्याच्यापासून विषय दूर जातात, पण त्यांची गोडी मागे उरते; ती परमतत्त्व दिसल्यावरच जाते. हे मी फळ्यावर लिहून इतक्यांदा समजावलंय की झोपेतही सांगेन. याचा सरळ अर्थ असा की मी मायोर्नाला गेले नाही, घरी बसून ज्वारीची भाकरी खाल्ली, तरी प्रश्न सुटत नाही. गोडी जाणार नाही, फक्त तिला पत्ता उरणार नाही. मग त्या गोडीचं करायचं काय? गीता इथे पुढच्या मुद्द्याकडे जाते. मला तिथेच थांबावंसं वाटतं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. खाण्याच्या बाबतीत त्यातले गुरू वेगवेगळं सांगतात. मासा गळाला लावलेल्या आमिषाने मरतो. म्हणून जीभ आवरा. अजगर जागचा हलत नाही, गोड-बेचव, थोडं-फार, जे पुढ्यात येईल ते गिळतो. म्हणून धावाधाव करू नका. आणि भुंगा? तो फुलाफुलाला हिंडतो, प्रत्येकाकडून थोडं थोडं घेतो, कोणावर भार टाकत नाही. आमच्याकडची माधुकरीची रीत त्याचीच. मग गावातल्या कॅफेंतून हिंडणारी मी कोण? जावई म्हणेल मासा. मी म्हणेन भुंगा. अवधूताला विचारलं असतं तर तो बहुधा म्हणाला असता की हे फुलावर बसल्यावर कळेल, आधी नाही.

या स्कंधावर एकनाथांनी टीका लिहिली, काशीत 1573 साली ती पुरी केली. मासा, अजगर, भुंगा सगळे त्यात आहेत. पण त्याच नाथांची एक गोष्ट चरित्रांतून सांगतात. पैठणला त्यांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. गावाने अस्पृश्य ठरवलेलं एक कुटुंब रस्त्याने चाललं होतं, त्यांना त्या अन्नाचा वास आला आणि लेकराने ते हवं म्हटलं. नाथांनी सगळ्यांना बोलावून पितरांसाठी रांधलेलं ते अन्न त्यांना जेवू घातलं. पुढे ब्राह्मणांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. मत्स्यगुरूवर ओव्या लिहिणाऱ्या माणसाने त्या लेकराला माशाची गोष्ट सांगितली नाही. वासाने तोंडाला सुटलेलं पाणी हे त्यांनी पाप धरलं नाही. ते हाक म्हणून ऐकलं.

जिव्हालौल्याविरुद्ध सगळ्यात कडक आणि प्रामाणिक बाजू गांधीजींची. 1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना ते दर आठवड्याला एकेका व्रतावर लिहीत. त्यात अस्वाद हे एक. अन्न औषधासारखं घ्यावं, शरीरापुरतं, चवीसाठी नाही, असा त्याचा गाभा. गांधीजींविषयी मला आदर आहे आणि या एका व्रताविषयी राग आहे. औषधाच्या गोळीला चव नसली तरी चालतं, कारण ती कोणी पहाटे उठून आपल्यासाठी वळलेली नसते. अन्नाला मात्र करणारे हात असतात. चव नाकारली की ते हातही नाकारले जातात, आणि आपल्या देशात ते हात कोणाचे, हे सांगायला नको.

माझे सासरे वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. परक्या पानावर बसणारा मुलगा काही गोष्टी फार लवकर शिकतो. आमटी आळणी असली तरी मीठ मागायचं नाही. पदार्थ आवडला तरी वाखाणायचा नाही, कारण वाखाणलं की आणखी मागतोय असं वाटतं. मान खाली घालून, वाढलेलं संपवून, ताट घासून निघायचं. सासरे पुढे मोठे वकील झाले, पण जेवायचे तसेच. आम्हां सुनांना ते सात्त्विक वाटायचं. पाहुणे तर त्यांचा दाखला देत. त्यांच्या तेराव्यानंतर एक दिवस सासूबाई गव्हाला ऊन दाखवत होत्या. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "अगं, ह्यांना माझी कटाची आमटी आवडायची का गं? तुझ्याशी कधी काही बोलले होते का?"

मी "हो, फार" म्हणाले. सासरे माझ्याशी आमटीविषयी अवाक्षर बोलले नव्हते.

तेव्हापासून "जे मिळेल ते गोड मानून खावं" हे वचन ऐकलं की मी आधी बोलणाऱ्याकडे बघते. संन्याशाच्या तोंडी ते शोभतं, कारण त्याच्यासाठी कोणी मुद्दाम चूल पेटवायची नाही हाच त्याचा नियम. गृहस्थाच्या तोंडी ते पुष्कळदा निव्वळ आळस असतं. समोरच्या ताटात काय आहे याकडे लक्ष द्यायचा आळस, आणि वर वैराग्याची शाल.

व्रतांना मी सरसकट नावं ठेवत नाही, गैरसमज नको. सांगलीला आमच्या शेजारी एक जैन मावशी होत्या. त्या रसपरित्याग करत. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर, मीठ यातला कधी एक, कधी जास्त रस त्या दिवशीपुरता सोडायचा. मीठ सोडलेल्या दिवशी त्या मला सांगत, "आज भाकरीत ज्वारी लागतेय बघ." अख्ख्या गल्लीत त्यांच्याइतकी तयार जीभ मी पाहिली नाही. कुठल्या गिरणीत पीठ जाड दळलं गेलंय हे त्या पहिल्या घासाला ओळखत. सोडणं हे त्यांच्यासाठी बघणंच होतं. सासऱ्यांचं तसं नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखीच शांत दिसतात, एवढंच.

जावई यावर म्हणाला, "पण आई, चव ज्याची त्याची. चांगला रोल, वाईट रोल असं काही नसतंच." हे तर मला टोमण्याहून जास्त लागलं. हल्लीची पिढी कशावरही हा पडदा टाकते आणि स्वतःला उदार समजते. डेव्हिड ह्यूम नावाच्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने 1757 साली अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने डॉन किहोतेमधला एक किस्सा घेतलाय. दोन जाणकारांना पिंपातली वाइन चाखायला देतात. एक म्हणतो, चांगली आहे, पण चामड्याचा किंचित वास आहे. दुसरा म्हणतो, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पुढे पिंप रिकामं होतं तर तळाशी एक जुनी किल्ली निघते, चामड्याची वादी बांधलेली. चव जिभेवर असते हे खरं, पण किल्ली पिंपात असते. वेलची कुटलेली होती की पुडीतली, हे माझ्या आवडीनिवडीवर ठरत नाही. ते पहाटे चार वाजता बेकरीत ठरलेलं असतं.

आपल्या भरतमुनींनी तर ह्यूमच्या कितीतरी आधी रस समजावताना सरळ स्वयंपाकघरातलाच दाखला घेतला. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आहे: नाना व्यंजनांनी सिद्ध झालेलं अन्न खाताना चांगल्या मनाची माणसं जसा रस घेतात, तसाच प्रेक्षक नाटकाचा घेतात. खाणारा भुकेला हवा असं मुनी म्हणत नाहीत, श्रीमंत हवा असं तर नाहीच. मन चांगलं हवं. माझ्या मते जावयाच्या प्रश्नाची खरी मेख इथे आहे. शोध घ्यावा की नाही, हा वाद फुकाचा. शोध घेताना मन कुठल्या अवस्थेत आहे, हे विचारायला हवं.

यासाठी मी तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगूकडे जाते. तो बाप वरुणाकडे येऊन म्हणतो, मला ब्रह्म सांगा. वरुण उत्तर देत नाही. खूण सांगतो आणि म्हणतो, तप कर. भृगू तप करून येतो: अन्न हेच ब्रह्म. वरुण पुन्हा तेच सांगतो, तप कर. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. पहिल्याच उत्तरावर "चला, अन्न म्हणजे ब्रह्म, झालं" असं म्हणून भृगू घरी गेला असता तर आजच्या पुष्कळ सुविचारांच्या पाट्यांइतकंच त्याचं ज्ञान राहिलं असतं. तो परत परत गेला. याला आपण जिज्ञासा म्हणतो, हावरटपणा म्हणत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि वर्गात मुलं तिथे हमखास जांभया द्यायची. आनंदापर्यंत पोचल्यावर उपनिषद संपत नाही. ते पुन्हा अन्नाकडे येतं. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत. अन्न टाकू नये, हे व्रत. अन्न पुष्कळ करावं, हे व्रत. घरी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हेही व्रत. ब्रह्मज्ञान झालेल्या माणसाने स्वयंपाकघरात कसं वागायचं याचे हे नियम. यात परीक्षा करू नये असा नियम नाही. निंदा करू नये असा आहे. या दोहोंतला फरक आपल्या घरांत कोणी शिकवत नाही. ताट सरकवून "काय हे" म्हणणं ही निंदा. "आज फोडणीत मोहरी तडतडली नाही का?" ही परीक्षा; तिच्यात करणाऱ्याने काय केलं हे बघितलेलं असतं. आणि "छान" म्हणून मोबाइल उचलणं हे दोन्हीत बसत नाही. ते न जेवल्यासारखंच.

इथल्या शेजारणीने मला एका रविवारी चर्चला नेलं. माझ्याहून थोरली बाई, एकटी राहते. प्रार्थना स्वीडिशमध्ये, मला कळण्यासारखं फार नव्हतं. पण ती संपल्यावर बाजूच्या दालनात कॉफी असते, हा इथल्या चर्चचा जुना रिवाज. लांब टेबलं, कागदी रुमाल, ताटात घरचे कानेलबुल्ले. शेजारीण सांगत होती की तिच्या लहानपणी कोणाकडे कॉफीला गेलं की सात प्रकारचे गोड पदार्थ असायचे. सातापेक्षा कमी केले तर यजमानीण चिक्कू, जास्त केले तर मिरवणारी. 1945 साली याच सात प्रकारांच्या नावाचं पाककृतींचं पुस्तक निघालं आणि ते आजही घरोघरी आहे. मार्टिन ल्यूथरने 1529च्या आपल्या छोट्या प्रश्नोत्तरीत 'रोजची भाकर' म्हणजे काय, याचा अर्थ देताना अन्नवस्त्राबरोबर चांगलं सरकार, चांगलं हवामान आणि भरवशाचे शेजारीही घातले आहेत. गोथेनबर्गच्या नोव्हेंबरात चांगलं हवामान मागणं म्हणजे देवाची परीक्षा बघणंच. शेजारीण मात्र भरवशाची मिळाली.

ताटातला बन मी सवयीने उलटा केला. लेक नव्हती, कोणी टोकलं नाही. एक घास घेतला आणि दाताखाली वेलचीचा दाणा फुटला. "हे कोणी केले?" विचारल्यावर कोपऱ्यातल्या एका निवृत्त नर्सबाईंकडे बोट गेलं. मी जाऊन विचारलं, "वेलची घरी कुटता का?" त्या बघतच राहिल्या. आजीचा पितळी खलबत्ता आहे म्हणाल्या. इतकी वर्षं करतेय, लोक 'छान' म्हणतात आणि दुसरा उचलतात, वेलचीचं कोणी विचारलं नाही. मग मी म्हटलं, तळ मात्र थोडा कोरडा आहे. शेजारीण अस्वस्थ झाली. नर्सबाई अजिबात नाहीत. लोणी महागलंय, म्हणून हात आखडता घेते, म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. आमची कॉफी दोनदा भरून झाली.

बायबलच्या जुन्या करारात, निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात, अभिषेकाच्या पवित्र तेलाची कृती दिली आहे. गंधरस, दालचिनी, वेखंडासारखा सुगंधी बोरू, कॅसिया, सगळं वजन करून. आणि ताकीद: हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावायचं नाही, त्याची नक्कलही करायची नाही. ज्या सालीवर एकेकाळी याजकांचा हक्क होता ती आता एका निवृत्त नर्सच्या बनमध्ये आहे आणि कोणीही उचलून खावी अशी ताटात मांडलेली आहे. धर्माचा इतिहास पुढे सरकतो का, असं मला कोणी विचारलं तर मी हा पुरावा देईन.

शोध बिघडतो तो कुठे, हेही सांगायला हवं, नाहीतर जावई म्हणेल आईंनी आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलं. हागा भागात दगडी गल्ली आहे, तिथल्या एका प्रसिद्ध कॅफेत ताटभर आकाराचा कानेलबुल्ले मिळतो आणि तो बघायला जगभरची माणसं येतात. चौघांनी वाटून खायची ती वस्तू, आणि तशी खाल्ली तर मजाही येते. पण त्या गल्लीत मी माणसं पाहिली आहेत जी बनचा फोटो काढतात, दोन घास घेतात, फोनवरच्या यादीत खूण करतात आणि पुढच्या दुकानाकडे निघतात. 'सर्वोत्तम दहा'. ही माणसं भुंगे नव्हेत. अवधूताच्या यादीत मधमाशीही आहे, साठवून ठेवते आणि साठ्यासकट जाते. यांना बन नको असतो, आपण तो खाल्ला हे हवं असतं. बौद्ध ज्याला तृष्णा म्हणतात ती खाण्यात नसते, ती या खूण करण्यात असते, असं माझं मत आहे. विद्वानांनी वाद घालावा.

जावयाने शेवटी गणित काढलं. इंजिनियरच तो. म्हणाला, "याला सिद्ध उत्तर आहे, आई. समजा शंभर कॅफे आहेत. पहिले सदतीस नुसते चाखायचे, निवडायचा एकही नाही. त्यानंतर त्या सगळ्यांहून सरस असा जो पहिला मिळेल तो घ्यायचा. सर्वोत्तम हाती लागण्याची शक्यता यातच सगळ्यात जास्त." मी विचारलं, अट काय? अट अशी की नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही. मी म्हटलं, अरे मग हे गणित लग्नाचं झालं, बनचं नाही. (आमच्या वेळी तर सदतीस टक्के बघायचीही सोय नव्हती. पहिलाच पाहिला, चहा दिला आणि झालं.) कॅफेत परत जाता येतं. एखाद्या बेकरीत गेल्या आठवड्यात बन कोरडा होता, या आठवड्यात भट्टीवर दुसरा मुलगा आहे, जाऊन बघायचं. भृगू तरी काय करत होता? परत जाणं हेच तर त्याचं तप. सगळ्यात चांगला एकदा सापडून संपतो असं मानणाऱ्याला हे गणित उपयोगी पडेल.

जावई गप्प बसला. पटलं म्हणून की कामावर उशीर होत होता म्हणून, ते मी विचारलं नाही. रात्री त्याने स्वतः केलेली डाळ वाढली आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "हिंग जास्त झालाय ना?" झाला होता. तसं मी सांगितलं.

आता ज्यांनी इतका वेळ वाचलं त्यांना निकाल द्यायला हवा. गोथेनबर्गला आलात तर हागातला मोठा बन चौघांत एक घ्या आणि गल्ली बघा. पण एकच कानेलबुल्ले खायचा असेल तर ट्रामने मायोर्नाला जा. शाळेच्या मागच्या उताराला एक लहान बेकरी आहे, आत जेमतेम तीन टेबलं. सुरळीचा घेऊ नका, गाठीचा घ्या. त्यात वेलची जास्त असते आणि तळाला पापुद्रा नीट धरलेला असतो. दालचिनी कॅसियाच आहे, माझी तक्रार नाही. दहाच्या आत पोचा, नंतर थंड झालेले मिळतात. आणि काउंटरवरच्या मुलीला 'छान' म्हणून निघू नका, काय आवडलं ते नेमकं सांगा. तिला इंग्रजी येतं. सोमवारी बेकरी बंद असते.